एकोणीस वर्षांचा मुलगा आणि हॉल एचबाहेरची रांग

जुलै 2008. कॉमिक्स आणि सिनेमांच्या चाहत्यांचं दरवर्षी भरणारं संमेलन म्हणजे सॅन दिएगोचं कॉमिक-कॉन. तिथं ‘हॉल एच’ नावाचं साडेसहा हजार खुर्च्यांचं सभागृह आहे. मोठ्या स्टुडिओंनी आपल्या येऊ घातलेल्या सिनेमांचे तुकडे दाखवायचे आणि काळ्या टी-शर्टातल्या पोरांनी टाळ्या पिटायच्या, हा तिथला रिवाज. त्या वर्षी मात्र आदल्या रात्रीपासून दारात पथारी टाकून बसल्या होत्या मुली. हातात एका कादंबरीच्या झिजलेल्या प्रती, कुणी आईला बरोबर आणलेलं. नट स्टेजवर आले तेव्हा त्यांनी केलेल्या किंचाळ्यांपुढे प्रश्नोत्तरं ऐकू येईनात. सिनेमा होता ‘ट्वायलाइट’, शाळकरी मुलगी आणि रक्तपिपासू व्हॅम्पायर यांच्या प्रेमाच्या त्याच कादंबरीवरचा, कॅथरीन हार्डविकनं दिग्दर्शित केलेला. खर्च सुमारे 3 कोटी 70 लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या फँटसीच्या मानानं चिल्लर. 21 नोव्हेंबरला तो अमेरिकेत लागला आणि पहिल्या तीन दिवसांत त्यानं जवळपास सात कोटी डॉलरचा गल्ला जमवला. चार प्रेक्षकांतल्या तीन स्त्रिया होत्या.

धंद्यातली जाणती माणसं चकित झाली. त्यांच्या चकित होण्यामागे पन्नास वर्षांचा एक हिशेब आहे, आणि किशोरवयीनांना फँटसी कशी विकली गेली हे समजायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

1948 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं स्टुडिओंना आपापली थिएटरं सोडायला लावली. पाठोपाठ घरोघर टीव्ही आला आणि आईबाप संध्याकाळी सोफ्यावर बसले ते उठेचनात. घराबाहेर पडायला उत्सुक उरली ती पोरं. त्यांच्या खिशात पैसे होते, बुडाखाली बापाची गाडी होती, आणि 1950च्या दशकाअखेरीस देशभरात चार हजारांवर ड्राइव्ह-इन, म्हणजे गाडीत बसूनच सिनेमा बघायची, थिएटरं होती. हे गिऱ्हाईक सगळ्यात आधी ओळखलं ते जेम्स निकोल्सन आणि सॅम्युअल अरकॉफ या जोडीनं. 1954मध्ये सुरू झालेली त्यांची कंपनी पुढे अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स म्हणून ओळखली गेली. त्यांचं काम उलट्या बाजूनं चाले. आधी नाव ठरायचं, मग पोस्टर रंगवून थिएटरवाल्यांना दाखवायचं, त्यांनी मान डोलावली तरच पटकथा लिहायला घ्यायची. 1957चा ‘आय वॉज अ टीनएज वेअरवुल्फ’ हा त्याचा नमुना. शाळकरी पोरगा लांडगा होतो ही गोष्ट नावातच सांगून टाकलेली, आणि नावातच ‘टीनएज’.

याच कंपनीत एक सूत्र सांगितलं जाई. गमतीनं त्याला ‘पीटर पॅन सिंड्रोम’ म्हणत. लहान पोर मोठ्याचं सगळं बघतं, मोठं पोर लहानाचं काही बघत नाही. मुलगी मुलाचं सगळं बघते, मुलगा मुलीचं काही बघत नाही. तेव्हा नेम धरायचा तो एकोणीस वर्षांच्या मुलावर. बाकीचे आपोआप मागून येतात. ऐंशी-नव्वदच्या दशकांत आपल्या घरांत एकुलत्या एक टीव्हीवर क्रिकेट लागायचं की आणखी काही, हे कोण ठरवायचं ते आठवून बघा. सूत्र अमेरिकेत लिहिलं गेलं, पण त्यातली खोच कुणालाही कळेल. ती माणसाच्या आवडीबद्दल नव्हतीच; घरात कुणाचं चालतं याबद्दल होती.

पोस्टर रंगवून पोरं खेचायची, इथवर सगळं स्टुडिओच्या हातात होतं. 1976मध्ये त्यात बदल झाला. जॉर्ज लुकासच्या कंपनीत चार्ल्स लिपिनकॉट नावाचा प्रसिद्धीचा माणूस होता. त्यानं ‘स्टार वॉर्स’ लागायच्या दहा महिने आधी सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये स्लाइडशो लावला. तेव्हा ते संमेलन काही हजार कॉमिक्सवेड्यांचं, एका हॉटेलात भरणारं होतं. मार्व्हलशी बोलून कॉमिक आणि एका प्रकाशकाशी बोलून कादंबरी, दोन्ही सिनेमाआधी बाजारात येतील अशी तजवीजही त्यानंच केली. त्याचा तर्क साधा होता. ही माणसं थोडी आहेत, पण त्यांना एकदा गोष्ट आवडली की ती गावभर सांगत सुटतात. मराठीत ज्याला आपण लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतो, तसलं काम ती आनंदानं करतात, आणि पीठही घरचं आणतात. 25 मे 1977ला ‘स्टार वॉर्स’ अवघ्या 32 थिएटरांत लागला तेव्हा पहिल्या दिवसाच्या रांगेत हेच लोक होते.

त्याच वर्षीचा नाताळ तर बाजारपेठेच्या इतिहासात अजरामर झाला आहे. ‘स्टार वॉर्स’च्या खेळण्यांना मागणी एवढी येईल याचा अंदाज केनर कंपनीला आला नव्हता आणि बाहुल्या तयारच नव्हत्या. मग कंपनीनं काय विकलं? रिकामा खोका. पुठ्ठ्याच्या पाकिटात एक चित्र, काही स्टिकर आणि एक कूपन. ते भरून पाठवलं की चार बाहुल्या पुढच्या वर्षी टपालानं येणार. लोकांनी ही पाकिटं विकत घेऊन झाडाखाली ठेवली. न बनलेल्या वस्तूची वाट बघण्याचंही पैसे मोजून कौतुक होतं, हे त्या खोक्यानं दाखवून दिलं. आजचा टीझर, टीझरचा टीझर आणि ‘तारीख उद्या जाहीर करू’ची पोस्ट ही त्याच खोक्याची नातवंडं.

यानंतरचा धागा आपल्याकडूनच जातो. स्टीव्हन स्पीलबर्गच्या 1984च्या ‘टेंपल ऑफ डूम’मध्ये अमरीश पुरींचा मोलाराम जिवंत माणसाच्या छातीत हात घालून काळीज बाहेर काढतो. भारत सरकारनं चित्रीकरणाची परवानगी नाकारल्यामुळे सिनेमातलं भारतीय गाव श्रीलंकेत उभं केलं होतं. अमेरिकेत या सिनेमाला पीजी प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे आईबापांच्या मर्जीनं लहान मुलंही बघू शकत होती, आणि आईबाप खवळले. त्याच उन्हाळ्यात ‘ग्रेमलिन्स’वरूनही आरडाओरडा झाला. स्पीलबर्गनं ही प्रमाणपत्रं देणाऱ्या मोशन पिक्चर असोसिएशनच्या जॅक व्हॅलेंटींना सुचवलं की मधली एखादी पायरी काढा. 1 जुलै 1984पासून पीजी-13 लागू झालं, म्हणजे तेराखालच्या मुलांच्या आईबापांना खास इशारा. आपल्याकडे ‘यू’ आणि ‘ए’च्या मधलं ‘यूए’ त्याच्या आदल्याच वर्षी आलं होतं. मात्र आपलं यूए चाळीस वर्षं एकाच वयावर, बारावर, अडून बसलं. 7, 13 आणि 16 असे त्याचे तीन तुकडे व्हायला 2023चा दुरुस्ती कायदा यावा लागला.

पीजी-13 आलं ते पालकांना सावध करायला. धंद्यानं त्याचा अर्थ वेगळाच लावला. तेरा वर्षांच्या पोराला ती पाटी म्हणजे ‘हा सिनेमा बाळांचा नाही’ असं आश्वासन वाटे, आणि आईला ‘तरी चालण्यासारखा आहे’ असं. एकाच शिक्क्यात दोन गिऱ्हाइकं. सप्टेंबर 2000मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी सरकारी व्यापार आयोगाचा अहवाल आला. हिंसेमुळे ‘आर’, म्हणजे सतराखालच्यांना मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नाही असं प्रमाणपत्र, मिळालेले 44 सिनेमे आयोगानं तपासले, तर त्यांतल्या 35 सिनेमांची जाहिरात सतरा वर्षांखालच्या मुलांना धरून केलेली निघाली. सिनेटपुढे स्टुडिओंच्या प्रमुखांची खरडपट्टी निघाली. आता पोरांना उघडपणे काय विकता येईल याचं उत्तर तयारच होतं: राक्षस, तलवारी, जादू, रक्त जेमतेम, पीजी-13. पुढच्या दहा वर्षांत फँटसीला जे सुगीचे दिवस आले त्याला ही हवा कारणीभूत होती, असं मला वाटतं.

त्याच 2000 साली इंटरनेटवर दोन स्टुडिओ दोन वाटांनी गेले, आणि त्यातून धंद्याला मोठा धडा मिळाला.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चं चित्रीकरण न्यूझीलंडमध्ये चाललं होतं. तिथली एक चाहती कुंपणाबाहेरून डोकावून खबरा काढायची आणि आपल्या वेबसाइटवर टाकायची. आधी तिला अतिक्रमणाची नोटीस गेली. मग कुणाला तरी अक्कल सुचली आणि तिला रीतसर सेट बघायला बोलावलं गेलं. सिनेमा बनवणाऱ्या न्यू लाइन कंपनीनं पुढे अशा साइटवाल्यांना हाताशी धरलं. 7 एप्रिल 2000ला सिनेमाची पहिली झलक इंटरनेटवर आली. डायल-अपच्या त्या जमान्यात, जेव्हा दोन मिनिटांचा व्हिडिओ उतरवायला चहा करून प्यायला वेळ मिळे, पहिल्या चोवीस तासांत ती 17 लाख वेळा उतरवली गेली.

हॅरी पॉटरचे हक्क घेतलेल्या वॉर्नर ब्रदर्सनं मात्र वकील सोडले. पॉटरच्या नावानं साइट चालवणाऱ्या पोरांना नोटिसा गेल्या. इंग्लंडमधल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीची बातमी वर्तमानपत्रांत झळकली. अमेरिकेत एक शाळकरी मुलगी जगभरातल्या मुलांना वार्ताहर नेमून पॉटरच्या दुनियेतलं काल्पनिक वर्तमानपत्र चालवत होती. तिनं 2001मध्ये थेट बहिष्कार पुकारला: पुस्तकं वाचा, पण वॉर्नरचा माल घेऊ नका. सिनेमा अजून लागायचा होता आणि ज्यांच्यासाठी तो बनत होता तीच मुलं टीव्हीवर येऊन कंपनीच्या माणसांशी वाद घालत होती. हात दाखवून अवलक्षण ते हेच. कंपनी नमली, आणि पुढे त्याच साइट स्टुडिओच्या लाडक्या झाल्या. त्या गदारोळात कोका-कोलाशीही करार झाला. कुठल्याही पात्राच्या हातात बाटली दाखवायची नाही ही अट, वर वाचनाच्या उपक्रमांना पैसे द्यायचे. तरीही साखरेच्या पाण्याविरुद्ध एका ग्राहक संघटनेनं मोहीम उघडलीच.

पॉटरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली, आणि ती कुणी मुद्दाम आखल्यासारखी वाटत नाही. प्रेक्षक सिनेमाबरोबर मोठा होत गेला. पहिले तीन भाग पीजी होते, 2005चा चौथा पीजी-13. पोस्टरचा रंग सोनेरीवरून करडा झाला. पहिल्या भागाला आईचं बोट धरून आलेला मुलगा शेवटच्या भागाला मैत्रिणीबरोबर आला.

आता पुन्हा हॉल एच. ‘ट्वायलाइट’ आधी पॅरामाउंटकडे होता. तिथं त्याचं काही जमलं नाही आणि हक्क समिट या छोट्या कंपनीकडे गेले. समिटकडे मोठ्या स्टुडिओंइतका जाहिरातीचा पैसा नव्हता. त्यामुळे मुलींनी आपण होऊन चालवलेल्या साइट हाच तिचा मुख्य फलक झाला. एमटीव्हीनं दर मंगळवार या सिनेमाच्या बातम्यांसाठी राखून ठेवला. मॉलमधल्या हॉट टॉपिक दुकानांत नटांचे दौरे झाले, तिथं दंगलीसारखी गर्दी. त्यात हॅरी पॉटरचा सहावा भाग नोव्हेंबर 2008वरून पुढच्या जुलैवर ढकलला गेला. समिटनं डिसेंबरची तारीख सोडून ती रिकामी जागा उचलली. दुसऱ्या भागापर्यंत नायिकेवर जीव टाकणाऱ्या दोघांच्या नावानं ‘टीम एडवर्ड’ आणि ‘टीम जेकब’ असे टी-शर्ट निघाले होते. कुणाचं कुणावर प्रेम बसणार हे पुस्तक वाचलेल्या प्रत्येकीला ठाऊक होतं, तरी भांडणं जोरात. कारण भांडण हीच जाहिरात होती. 2009च्या ‘न्यू मून’नं फक्त मध्यरात्रीच्या खेळांतून 2 कोटी 60 लाख डॉलरच्या वर कमावले.

त्याच वर्षी कॉमिक-कॉनमध्ये काही तरुण ‘ट्वायलाइटनं कॉमिक-कॉनची वाट लावली’ अशा अर्थाचे फलक घेऊन उभे होते. सूत्रातलं ते चौथं कलम, मुलगा मुलीचं काही बघत नाही, इथं रस्त्यावर उभं राहिलं होतं. फरक एवढाच की आता मुलाच्या न बघण्यानं काही अडत नव्हतं. या सिनेमांची जेवढी टिंगल झाली तेवढी त्यांच्याइतक्याच सुमार दर्जाच्या मारधाडपटांची होत नाही, हे जाताजाता नोंदवून ठेवतो.

‘हंगर गेम्स’पुढे अडचण निराळी होती. मुलं मुलांना मारतात आणि देश ते टीव्हीवर बघतो, ही गोष्ट पोस्टरवर कशी लावायची? लायन्सगेट कंपनीची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या टिम पेलननं प्रचारातून मारामारी जवळजवळ हद्दपार केली. त्याऐवजी त्या काल्पनिक राजवटीची सरकारी वेबसाइट काढली. तिथं नाव नोंदवलं की तुम्हाला एक जिल्हा आणि ओळखपत्र मिळे. एका पोस्टरचे शंभर तुकडे करून शंभर साइटवर विखुरले आणि चाहत्यांनी ते ट्विटरवरून गोळा करून जुळवायचे. मार्च 2012मध्ये पहिल्या तीन दिवसांत 15 कोटी 25 लाख डॉलर आले. इंग्लंडमध्ये मात्र बारा वर्षांच्या मुलांना सिनेमा बघता यावा म्हणून रक्ताचे सात सेकंद कापावे लागले. दुसऱ्या भागाच्या वेळी कहर झाला. उपाशी जिल्ह्यांच्या पिळवणुकीवर चैन करणाऱ्या राजधानीच्या नावानं कव्हरगर्लनं सौंदर्यप्रसाधनं काढली, आणि सबवेनं सँडविच. पुस्तक वाचलेल्या पोरांना त्यातला विनोद लगेच कळला. त्यांनी तो ऑनलाइन बोलूनही दाखवला.

मग सगळ्यांनीच तो साचा उचलला: कादंबऱ्यांची मालिका, दोन नायक, एक नायिका, शेवटच्या पुस्तकाचे दोन सिनेमे. 2013-14मध्ये असे कितीतरी आले आणि बरेचसे आपटले. ‘डायव्हर्जंट’ची अवस्था सगळ्यात केविलवाणी. शेवटचं पुस्तक दोन भागांत विभागलं, 2016चा पहिला भाग पडला आणि दुसरा कधी बनलाच नाही. भाकऱ्या भाजणाऱ्यांना गोळा करण्याची सगळी युक्ती स्टुडिओंना अवगत झाली होती. त्यांना भूक लागली आहे की नाही, हे कुणी विचारलं नव्हतं.

एप्रिल 2025मध्ये माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेमवरचा ‘अ माइनक्राफ्ट मूव्ही’ लागला. त्यात जॅक ब्लॅक ‘चिकन जॉकी’ हे दोन शब्द ओरडतो. खेळ खेळणाऱ्यांनाच समजेल असा तो क्षण ट्रेलरमधून आधीच मीम झाला होता. थिएटरांत तो आला की पोरं उठून किंचाळू लागली, पॉपकॉर्न उधळू लागली आणि त्याचे व्हिडिओ टिकटॉकवर टाकू लागली. कुठे पोलीस बोलवावे लागले, कुठे दारावर तंबीच्या पाट्या लागल्या. जॅक ब्लॅक स्वतः एका थिएटरात अवचित उगवला आणि आज पॉपकॉर्न फेकायचं नाही म्हणून मुलांना गमतीनं दटावून गेला. नोटिसा पाठवून पंचवीस वर्षांपूर्वी तोंडघशी पडलेल्या वॉर्नर ब्रदर्सचाच हा सिनेमा. या खेपेला कंपनीनं मे महिन्यात आरडाओरडा करायला, गायला मुभा असलेले खास खेळ लावले आणि त्यांची वेगळी तिकिटं विकली.