व्यवसायाच्या पत्रात कुठे काय लिहावे?
(आमच्या लेटरहेड व टायपिंग ग्राहकांसाठी)

पत्र समोरच्या ऑफिसात पोचले की आधी आवक टेबलावर जाते. तिथे ते कोणी पूर्ण वाचत बसत नाही. तारीख, जावक क्रमांक, विषय आणि संदर्भ एवढे पाहून शिक्का बसतो आणि पत्र पुढच्या टेबलाला जाते. म्हणून या चार गोष्टी शोधाव्या लागू नयेत.

लेटरहेडवर फर्मचे नाव, पत्ता, फोन आणि ई-मेल हवेच. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर कंपनी कायदा २०१३ प्रमाणे नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि २१ अंक-अक्षरांचा सीआयएनही (कंपनीचा ओळख क्रमांक) छापावा लागतो. लोगो बेताचाच ठेवा, नाहीतर छोटे पत्रही दुसऱ्या पानावर जाते.

त्याखाली डावीकडे जावक क्रमांक, उजवीकडे दिनांक. ५/६ असे न लिहिता ‘५ जून २०२५’ असे लिहा, म्हणजे महिना कुठला हा घोळ राहत नाही.

‘प्रति’खाली आधी हुद्दा, मग विभाग, ऑफिस, पत्ता आणि पिनकोड. शिरोली एमआयडीसीचा पिन ४१६१२२, गोकुळ शिरगावचा ४१६२३४. नुसते ‘एमआयडीसी, कोल्हापूर’ लिहू नका.

सगळ्यात जास्त विचार विषयाच्या ओळीवर करा. ‘विषय : पेमेंटबाबत’ यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहा :

विषय : बिल क्र. २१४, दि. १२ मे २०२५, रु. ४८,६०० येणे बाकी.

एवढ्यावरून अकाउंट्सवाला थेट खाते उघडतो. याच विषयावरच्या आधीच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख खाली ‘संदर्भ’ म्हणून द्या. विषय ठळक करा, बाकी मजकूर साधा राहू द्या. सगळेच ठळक केले की काहीच उठून दिसत नाही.

‘महोदय’नंतर थेट मुद्द्यावर या. एका परिच्छेदात एकच मुद्दा, आणि तुम्हाला काय हवे आहे ते तारखेसह शेवटच्या परिच्छेदात.

‘आपला विश्वासू’ डावीकडे की उजवीकडे, दोन्ही चालते. फर्मची सगळी पत्रे मात्र एकाच पद्धतीने जावीत. सहीसाठी तीन-चार ओळींची जागा सोडा. शिक्का सहीच्या शेजारी मारा, सहीवर नको. खाली नाव आणि हुद्दा. सही एकटीच दुसऱ्या पानावर जाऊ देऊ नका, मजकुराच्या निदान दोन ओळी तिच्याबरोबर हव्यात. जोडलेल्या कागदांची यादी ‘सोबत’ म्हणून शेवटी येते.

डावीकडे दीड इंच समास ठेवा. फाईलला लावताना पंचची भोके कडेपासून साधारण १२ मिलिमीटरवर पडतात, आणि जाड फाईलमध्ये तिथली अक्षरे दबतात. ई-मेलने पाठवायचे असेल तर पीडीएफच पाठवा; जुन्या मराठी फॉन्टमधली फाईल समोरच्या कॉम्प्युटरवर वाचता येईलच असे नाही.

कच्चा मजकूर हाताने लिहून आणलात तरी चालेल. बिलाची आणि संदर्भाच्या पत्राची झेरॉक्स सोबत आणा, आकडे आम्ही त्यावरूनच घालतो.