हजेरी कमी पडली म्हणून आमच्याकडं येण्याआधी हे एकदा वाचा

डिसेंबर संपत आला की आमच्या टायपिंग-फॉर्मच्या दुकानात काउंटरवर एकच विषय, "साहेब, पोराची हजेरी कमी पडल्याय, मेडिकलचं काय तरी करून द्या." कोण कागलहून येतं, कोण पन्हाळ्याकडनं सकाळच्या एसटीनं, आणि प्रत्येकाला पहिल्यापासनं सगळं सांगण्यात अर्धा तास जातोय, मागं फॉर्म भरायला आलेली पोरं ताटकळत उभी. म्हणून हे छापून ठेवलंय. घरी न्या, शेजारी कुणाचं दहावी-बारावीचं पोर असेल तर त्यांनाही द्या.

बोर्डाच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते हे सगळ्यांना माहीत आहे, घोळ होतो तो मोजण्यात. शाळा जितके दिवस प्रत्यक्षात भरली त्याच्या ७५ टक्के. पुरामुळं शाळाच बंद राहिली, जशी २०१९ ला राहिली होती, तर ते दिवस हिशोबात येतच नाहीत, त्याची काळजी करू नका. पण शाळा शहरात चालू आणि चिखली-आंबेवाडीचा रस्ता पाण्याखाली, असं झालं तर पोर हजेरीपटावर गैरहजरच लागतं, आणि तिथं अर्ज द्यावा लागतो. हा फरक बऱ्याच पालकांच्या लक्षातच येत नाही.

सीबीएसईवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा, त्यांच्यात १ जानेवारीपर्यंतची हजेरी बघतात. समजा तोवर शाळा १४० दिवस भरली तर पोर १०५ दिवस वर्गात पाहिजे, म्हणजे हातात ३५ दिवस. "आता फेब्रुवारीपर्यंत रोज पाठवतो" म्हणून उपयोग नाही. कमी पडलेल्या हजेरीला २५ टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते, पण कारण तसं पाहिजे, मोठं आजारपण, आई किंवा वडील वारले, राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय स्पर्धेला गेला, आणि प्रत्येकाला कागद. प्रस्ताव शाळाच पाठवते, तोही जानेवारीच्या सुरुवातीलाच. स्टेट बोर्डातसुद्धा मुख्याध्यापकांच्या मार्फतच जावं लागतं, आपलं विभागीय मंडळ कोल्हापुरातच आहे, सांगली-सातारा पण त्यातच येतात, पण म्हणून पालकांनी थेट तिथं जाऊन काम होत नाही, परत शाळेतच पाठवतात.

आता मेन चूक, जिच्यापायी तुमचा आणि आमचा सगळा वेळ जातो. पोर आजारी पडलं की आपण शाळेत फोन करतो, नाहीतर वर्गाच्या ग्रुपवर मेसेज टाकतो, आणि झालं असं समजतो. तसं नसतं. अर्ज कागदावर द्यायचा, त्याच आठवड्यात द्यायचा, दोन प्रती करायच्या आणि आपल्या प्रतीवर ऑफिसातनं पोच घ्यायची, शिक्का, सही, तारीख. पोच नसली की चार महिन्यांनी तो अर्ज दिला होता हे कुणीच सांगू शकत नाही, क्लार्क बदललेला असतो, वर्गशिक्षकांना आठवत नसतं.

गेल्या वर्षी एक ताई आल्या होत्या, मुलाला डेंग्यू झालेला, अकरा दिवस ॲडमिट. बिचाऱ्यांनी एकूणएक कागद जपला होता, आणि खराब होऊ नये म्हणून लॅमिनेशन करून आणलेला. पण मेडिकलची बिलं त्या गुळगुळीत थर्मल कागदावरची असतात, लॅमिनेशनची उष्णता लागली की सगळा कागद काळाठिक्कर. बिलावर ना नाव दिसत होतं ना तारीख. डिस्चार्ज कार्ड चांगलं होतं म्हणून त्यावर भागलं, पण शाळेत दिलेल्या अर्जाची पोच नव्हती म्हणून त्यांना चार हेलपाटे पडले, ऐन प्रिलिमच्या दिवसांत. तेव्हापासनं आम्ही सगळ्यांना सांगतोय, असली बिलं लॅमिनेट करू नका, आल्या दिवशी झेरॉक्स काढा.

मागच्या तारखेचा अर्ज किंवा सर्टिफिकेट आम्ही टाइप करून देत नाही. काही जण रागावतात, दुसरीकडं करून देतात म्हणतात. देत असतील. पण खोटा कागद तपासणीत सापडला तर अडकणार पोराचा फॉर्म, टाइप करणारा नाही, आणि दहावीचं वर्ष गेलेलं पोर घरात कसं बसतं ते आम्ही जवळनं बघितलंय.

दुसरं, हजेरी कमी पडली म्हणून रागानं शाळेचा दाखला काढून आणू नका. "१७ नंबर भरू", म्हणजे शाळेत न जाता बाहेरनं परीक्षेला बसायचा फॉर्म भरू, असं परस्पर ठरवून लोक येतात. १७ नंबरची नोंदणी पावसाळ्यात सुरू होते, पुढं लेट फी लागते आणि मग ती बंद होते. डिसेंबरात दाखला काढला की शाळाही गेली आणि १७ नंबरही गेला. ज्यांची शाळा खरंच सुटल्याय त्यांच्यासाठी १७ नंबर चांगला मार्ग आहे, त्यांनी मूळ दाखला, आधार, फोटो घेऊन जुलैतच या, ऑनलाइन भरून प्रिंट काढून देतो, ती संपर्क केंद्राच्या शाळेत कागदांसकट जमा करायची.

तालमीतल्या आणि फुटबॉलच्या पोरांच्या वडिलांना एवढंच, क्रीडा गुणांचा प्रस्ताव वेगळा आणि हजेरीची सूट वेगळी, एकातनं दुसरं होत नाही. आणि नीटच्या (डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या) क्लाससाठी बाहेरगावी राहून इथं नावापुरतं ॲडमिशन घेतलं असेल तर क्लासची हजेरी शाळेला चालत नाही, सीबीएसई आता अशा शाळांवर अचानक धाडी घालतंय.

आमच्याकडं जूनपासनं पोराच्या नावाची फाइल करून मिळते. आजारपणाचा कागद आला की फक्त घेऊन यायचं, किंवा व्हॉट्सॲपवर नीट उजेडात फोटो काढून पाठवायचा, आम्ही स्कॅन करून तारखेवार ठेवतो, रजेचा अर्ज दोन प्रतीत टाइप करून देतो, पोच घेऊन आलात की तीपण त्यातच लावतो. जानेवारीत शाळेनं मागितलं की पाच मिनिटांत सगळा सेट हातात. दर काउंटरच्या बोर्डावर लावलेत, वर्षाचे एकदाच घेतो.

येताना मुलाचं नाव शाळेच्या जनरल रजिस्टरला जसं आहे तसं लिहून आणा, आधारवरचं नको, दोन्हीत फरक असला तर तेही पहिल्याच दिवशी सांगा. दुकान सकाळी ९ ते रात्री ८, रविवारी दुपारपर्यंत.