लाल दिसलं म्हणजे वाईट का? गाठीचा कडकपणा मोजणाऱ्या सोनोग्राफीची पार्श्वभूमी

मागच्या कापूस वेचाईच्या टाइमला वहिनीच्या छातीत गाठ लागली, नागपूरला सोनोग्राफी झाली आणि रिपोर्टसोबत एक रंगीत फोटो आला, गाठ हिरवी अन् तिच्या आजूबाजूला लाल लाल. घरी येईपर्यंत अर्ध्या गावाने फोटो पाहून घेतला आणि लाल म्हणजे कॅन्सर असं ठरवूनही टाकलं. रिपोर्टमध्ये खाली लिहिलं होतं इलास्टोग्राफी स्कोर 1, म्हणजे गाठीच्या कडकपणाचा आकडा, तिकडे कोणाचं लक्षच नाही. तेव्हापासून मी या प्रकाराच्या मागे लागलो.

मूळ गोष्ट बोटाची आहे. इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी 1600 च्या सुमाराचा एक पपायरस सापडला, एडविन स्मिथ पपायरस म्हणतात त्याला, त्यात छातीवरच्या फुगीर गाठी हात लावून कशा तपासायच्या ते लिहिलंय आणि पुढे सरळ लिहिलंय की इलाज नाही. म्हणजे कडक गाठ संशयाची हे माणसाला साडेतीन हजार वर्षांपासून माहीत. पण कडक म्हणजे किती कडक? एका डॉक्टरच्या बोटाला कडक ते दुसऱ्याच्या बोटाला बरं.

सोनोग्राफीने आधी हा प्रश्न सोडवलाच नाही. जॉन वाइल्ड आणि जॉन रीड या दोघांनी अमेरिकेत मिनेसोटात 1950 नंतर स्तनाच्या गाठींवर आवाजाच्या लहरी सोडून पाहिल्या, 1952 मध्ये त्यांचा पेपर आला, पण तिथून पुढे सोनोग्राफी दाखवायची ती गाठीचा आकार, कडा, आत पाणी आहे का भरीव आहे. कडकपणा नाही.

तो आला 1991 मध्ये. ह्यूस्टनच्या जोनाथन ओफिर आणि त्यांच्या टीमने इलास्टोग्राफी हा शब्द वापरून पेपर छापला. आयडिया इतकी साधी की आपल्याला वावरात सुचायला पाहिजे होती. बोंडातला कापूस मुठीत दाबून पाहा, रुई दबते, सरकी दबत नाही. तसंच प्रोबने, म्हणजे अंगावर फिरवतात त्या सोनोग्राफीच्या दांड्याने, हलकं दाबायचं, दाबण्याआधीचा आणि नंतरचा सिग्नल ताडून पाहायचा, जो भाग कमी दबला तो कडक. 1997 मध्ये गारा नावाच्या डॉक्टरांनी पेशंटवरचे पहिले निष्कर्ष मांडले आणि त्यात एक मजेशीर गोष्ट दिसली, की कॅन्सरची गाठ साध्या सोनोग्राफीत जेवढी दिसते त्यापेक्षा या फोटोत मोठी दिसते, कारण आजूबाजूचं मासही तिने ओढून घट्ट केलेलं असतं. साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या, गाठीत हा फरक फारसा नसतो.

मग जपानी लोक आले. हिताची कंपनीने हे मशीनमध्ये बसवलं आणि 2006 मध्ये त्सुकुबा विद्यापीठाचा 1 ते 5 स्कोर छापून आला, 1 म्हणजे पूर्ण गाठ दबते, 5 म्हणजे गाठ आणि आजूबाजूचंही कडक. त्यांचा रंग असा की निळं म्हणजे कडक, लाल म्हणजे मऊ. म्हणजे वहिनीच्या फोटोतलं लाल ही नुसती चरबी होती बाप्पा!

पण हातानेच दाबायचं म्हटलं की बोटाचीच अडचण परत आली, कोणी जास्त दाबलं की मऊ मासही कडक दिसते. पॅरिसमध्ये मातियास फिंक यांच्या टीमने वेगळा रस्ता काढला, प्रोबमधूनच जोरदार लहर सोडून आतमध्ये धक्का द्यायचा, त्याने मासात आडवी लाट पसरते, कडक जागी ती जोरात पळते, तिचा वेग मोजला की कडकपणा किलोपास्कल या मापात, आकड्यात मिळतो. ती लाट सेकंदाला काही मीटर जाते, तिला पकडायला सेकंदाला हजारो फोटो काढावे लागतात, ते जमलं आणि 2005 मध्ये सुपरसॉनिक इमॅजिन कंपनी निघाली. पण त्यांच्या मशीनवर लाल म्हणजे कडक! हिताचीच्या बरोब्बर उलटं. आता सांगा, गावातल्या माणसाने फोटो पाहून काय समजावं. फोटोच्या बाजूला रंगाची पट्टी असते, ती पाहायची आणि नाहीतर डॉक्टरला विचारायचं.

हे आणलं कशासाठी, तर मुख्य म्हणजे सुईच्या तपासण्या कमी व्हाव्यात म्हणून, कारण संशयावरून बायोप्सी केलेल्या बऱ्याच गाठी शेवटी साध्याच निघतात. 2012 च्या मोठ्या अभ्यासात 939 गाठी पाहिल्या, नेहमीच्या सोनोग्राफीला ही लाटेची तपासणी जोडली तर साध्या गाठी साध्या म्हणून ओळखणं 61 टक्क्यांवरून 78 च्या वर गेलं. 2013 च्या बाय-रॅड्स नियमावलीत, म्हणजे स्तनाच्या तपासणीचे रिपोर्ट कसे लिहायचे त्याच्या नियमांत, मऊ, मधलं, कडक असे शब्द आले. पण तिथेही आकार आणि कडांचं वजन जास्त, कारण काही कॅन्सर, जसा चिकट द्रवाने भरलेला म्यूसिनस, मऊ असतात आणि जुनी चुना धरलेली फायब्रोअडेनोमा, ही कॅन्सर नसलेली गाठ, दगडासारखी लागते. म्हणून नुसत्या रंगावर कोणाला घरी पाठवायचं नाही.

आपल्याकडे मशीन बाईपर्यंत येत नाही, बाईला मशीनपर्यंत जावं लागते. 1994 च्या लिंगनिदानविरोधी कायद्यामुळे सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते आणि ती कुठेही उचलून नेता येत नाही, ते आवश्यकच होतं, पण कॅम्पमध्ये आणणं अवघड झालं हेही खरं. म्हणून गावात अजून बोटच कामाचं. मुंबईत 1998 पासून सुमारे दीड लाख बायांवर टाटा कॅन्सर हॉस्पिटलने अभ्यास केला, शिकवलेल्या कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासायचं, 2021 मध्ये निकाल आला तर पन्नाशीच्या वरच्या बायांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्के कमी. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही.

वहिनीची सुई झालीच, स्कोर 1 असूनही, कारण एक कड डॉक्टरीणबाईंना पटली नाही. फायब्रोअडेनोमा निघाली. सहा महिन्यांनी परत बोलावलंय, तेव्हा तूर काढणीला आलेली असेल, म्हणून ती आतापासूनच तारीख पुढे ढकलायचं म्हणतेय.