प्राणिपरिचय, बालशिक्षणातील (गोवा)

तीन ते आठ वर्षे वयाच्या मुलांना मानवी शरीराची, सभोवतालच्या प्राण्यांची आणि या दोहोंतील साम्याची ओळख करून देणारे शिक्षण. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार हा वयोगट पायाभूत टप्प्यात मोडतो. पहिली-दुसरीत विज्ञान हा वेगळा विषय नसतो. गाणी, गोष्टी, खेळ यांतून तो येतो आणि पुढे परिसर अभ्यासात मिसळतो.

या वयात माहितीपेक्षा वर्गीकरण अवघड जाते. हलते ते जिवंत, अशी लहान मुलांची समजूत असते, हे झां प्याजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले. त्यामुळे ढग सजीवांत जातो आणि झाड बाहेर राहते. प्राणी म्हणजे चार पायांचे केसाळ जनावर, हाही ग्रह पक्का असतो; त्यात मासा, मुंगी आणि माणूस बसवायला मूल सहजी राजी होत नाही.

गोव्यात यावरचा उतारा मासळीबाजारातच मिळतो. बांगडा ताजा आहे का हे पाहायला आई कल्ला उचलते, तेव्हा मूल शेजारीच उभे असते. कल्ले लाल का? पाण्यातला प्राणवायू तिथेच रक्तात शिरतो. आपल्याकडे हे काम फुप्फुसे करतात. बांगड्याचा मधला काटा पाहिलेल्या मुलाला स्वतःच्या पाठीवरून बोट फिरवायला सांगावे. मग सुंगट (कोळंबी) आणि कुर्ली (खेकडा) हाती द्यावी: यांना कणा नाही, कवच बाहेरून. पुस्तकातल्या सिंहापेक्षा ही सुरुवात कधीही बरी. (शाकाहारी घरांतल्या मुलांसाठी अंगणातली पाल आणि गांडूळ आहेतच.)

पावसाळ्यात बेडूक येतात. डबक्यातल्या पिल्लाला आधी कल्ले असतात, मग पाय फुटतात, फुप्फुसे तयार होतात आणि शेपूट शरीरातच जिरते. पण गोव्यात मोठ्या बेडकांची चोरटी शिकार होते, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी असूनही. घरी खाल्लेला पदार्थ वर्गात गुन्हा ठरला की मूल गप्प बसते. शिक्षकाने हा विषय बेताने काढलेला बरा.

कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. फोंडा तालुक्यातील बोरी-दुर्भाट भागात पौष अमावास्येला खाजन शेतीच्या (खाडीचे खारे पाणी बांधाने अडवून केलेल्या शेतीच्या) बांधाजवळ मातीची मगर करून पुजतात. या पूजेला ‘मांगे थापणी’ म्हणतात. डोळे आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या अंगाला का, हे मातीत हात घातलेल्या मुलाला लवकर उमगते. सहलीसाठी बोंडला अभयारण्य, चोडणचे सलीम अली पक्षी अभयारण्य आणि मिरामारचे विज्ञान केंद्र ही नेहमीची ठिकाणे. मोरजी, आगोंद, गालजीबाग येथे समुद्रकासवे अंडी घालतात. पिल्ले नर की मादी हे वाळूच्या उबेवर ठरते, पण ही गोष्ट मोठ्या मुलांसाठी राखून ठेवावी.

मानवी शरीराचा धडा दातांपासून काढणे सोयीचे, कारण सहाव्या वर्षाच्या सुमारास ते पडू लागतात. दुधाचे दात २०, नंतरचे ३२. माणसाला दातांचे दोनच संच मिळतात. मोरी माशाला (शार्कला) आणि मगरीला आयुष्यभर नवे येत राहतात. याउलट लघवीच्या जागेसारख्या अवयवांची सरळ नावे वर्गात क्वचितच घेतली जातात, आणि नको असलेल्या स्पर्शाबद्दलचा पाठ मात्र वेगळा घेतला जातो. ज्या अवयवाचे नावच शिकवलेले नाही, त्याविषयी मुलाने तक्रार तरी कशी करावी?