दुपारपर्यंत पिवळं पडणारं पाणी

पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी शहराचा कचरा झेलला आणि आपल्या विहिरी गमावल्या. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं टँकरची वाट पाहिली. तरीही शिकलेसवरलेले लोक म्हणतात, "जमीन पाणी गाळतेच की! बोअर खोल घ्या, काही होत नाही." माती गाळ अडवते, बरेचसे जंतूही अडवते; पण विरघळलेलं मीठ तिला अडवता येत नाही. शिवाय आपल्याकडे माती आहे तरी किती? थोड्या मातीखाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्यांचा खडक, नाहीतर भेगाळलेला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. भेगेत शिरलेलं पाणी गाळलं जात नाही, ते सरळ वाहत जातं.

कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी, म्हणजे लिचेट, खाली उतरल्यावर जे घडतं त्याचं मला फार नवल वाटतं. त्यात कुजलेल्या अन्नाचा अंश भरपूर. जिवाणू तो खातात आणि त्यासाठी पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. ऑक्सिजन संपला की नायट्रेट, मग मँगनीजची ऑक्साइडं, मग लोहाची. आपल्या बेसॉल्टमध्ये लोह मुळातच भरपूर. लाव्हाच्या दोन थरांमधली तांबडी माती त्यामुळेच तांबडी. हे गंजलेलं लोह, म्हणजे फेरिक, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. जिवाणूंकडून त्याला एक इलेक्ट्रॉन मिळाला की त्याचं फेरस होतं आणि ते विरघळतं. म्हणजे विहिरीत उतरलेलं बरंचसं लोह कचऱ्यातलं नसून आपल्याच खडकातलं असू शकतं! त्या गंजाला आर्सेनिक चिकटलेलं असेल, तर तेही सुटतं.

असं पाणी शेंदताना नितळ दिसतं. सकाळी भरलेली कळशी दुपारी बघा: हवा लागून पाणी पिवळसर झालेलं, तळाशी तांबूस साका. त्याचा चहा काळा पडतो, कारण चहातल्या टॅनिनशी लोहाची गाठ पडते. पण लोह ही फक्त खूण. खरी काळजी सोबत आलेल्या अमोनियाची, मँगनीजची, जड धातूंची. ती डोळ्यांना दिसत नाहीत.

घरोघरी फिरणारे फिल्टरविक्रेते पाण्यात विजेच्या कांड्या बुडवून तपकिरी गाळ काढून दाखवतात, त्याला मात्र भुलू नका. तो गाळ त्यांच्या लोखंडी कांडीचा असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, कांडी झिजते. फिल्टरच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून ते स्वच्छ राहतं. ही फसवणूक आहे.

कचरा डेपोच्या उताराखाली विहीर असेल तर पाणी प्रयोगशाळेतच तपासा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. आणि जुन्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून दोन दिवसांनी नेऊ नका. तोवर लोह बाटलीच्या तळाला बसतं, वरचं पाणी तपासलं की अहवाल चांगला येतो. धातूंसाठी वेगळी बाटली मागून घ्या. तिच्यात नमुना घेतानाच नायट्रिक आम्लाचे थेंब घालावे लागतात.