तरंग बायोरिॲक्टर
निर्जंतुक प्लास्टिक पिशवीत पोषक माध्यम व हवा भरून, ती झुलत्या मंचावर मंदपणे डोलवत ठेवून, माध्यमात सुट्या तरंगणाऱ्या प्राणिपेशी वाढवण्याचे साधन. पिशवी एका संवर्धनानंतर टाकून दिली जाते. विजय सिंग यांनी १९९९ मध्ये या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हाच १०० लिटरपर्यंतच्या आकारमानात तिची चाचणी झाली होती.

प्राणिपेशींना पेशीभित्तिका नसते. बाहेरच्या आघातापासून त्यांना वाचवणारे असते ते केवळ पातळ पटल. ऑक्सिजन तर त्यांना अखंड हवा असतो, आणि तो पाण्यात फारच कमी विरघळतो: ३७ अंश सेल्सिअसला हवेने संपृक्त झालेल्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ७ मिलिग्रॅम. ढवळणीच्या टाकीत ही उणीव तळातून बुडबुडे सोडून भरून काढतात. पण पेशींची खरी हानी ढवळणीच्या पात्यांपेक्षा पृष्ठभागावर बुडबुडे फुटताना अधिक होते, म्हणून माध्यमात संरक्षक द्रव्य घालावे लागते. तरंग पद्धतीने ही अडचण मुळातच टाळली, हे तिचे सर्वांत मोठे श्रेय मानावे लागेल. मंच काही अंशांच्या कोनातून मागेपुढे कलतो, पिशवीत लाट उठते, द्रवाचा पृष्ठभाग सतत नवा होत राहतो आणि वरच्या हवेतील ऑक्सिजन बुडबुड्यांविना आत शिरतो. हीच लाट पेशींना तळाशी बसू देत नाही. आत सोडलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बदलून माध्यमाची आम्लता राखता येते.

पिशवी निम्म्याहून अधिक भरत नाहीत, कारण लाटेला व हवेला जागा हवी. थोड्या माध्यमात पेशी सोडून, त्या वाढतील तसतसे त्याच पिशवीत माध्यम वाढवत नेता येते; दर टप्प्याला भांडे बदलताना होणाऱ्या जंतुसंसर्गाचा धोका त्यामुळे घटतो. चिनी हॅमस्टरच्या अंडाशयापासून मिळवलेल्या पेशी, मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडापासूनच्या पेशी, तसेच साधारण २७ अंशांवर वाढणाऱ्या कीटकपेशी अशा रीतीने वाढवतात.

गॅमा किरणांनी आधीच निर्जंतुक केलेली पिशवी वापरल्याने धुणे आणि वाफेने निर्जंतुक करणे वाचते. मात्र प्लास्टिक निष्क्रिय आहे असे गृहीत धरणे चुकीचे ठरते. पिशवीच्या थरांत घातलेल्या फॉस्फाइट वर्गाच्या ऑक्सिडीकरणरोधकाचे विघटन होऊन तयार होणारे एक संयुग माध्यमात झिरपते आणि अगदी अल्प प्रमाणातही पेशींची वाढ रोखते, असे आढळले आहे. त्यामुळे नव्या प्रकारच्या पिशवीत आपलीच पेशी वाढवून पाहणे आवश्यक असते.

आकारमान वाढले की त्या मानाने पृष्ठभाग कमी पडू लागतो. म्हणून मोठ्या उत्पादनासाठी सुमारे २,००० लिटरपर्यंतच्या, ढवळणी बसवलेल्या पिशव्या वापरतात आणि त्यांत सोडायचे पेशींचे विरजण बहुधा डोलत्या पिशवीत तयार करतात.