लेखनावरोध

लेखनावरोध : लिहिण्याची इच्छा आहे, विषय आहे, बहुधा सवडही आहे, तरी लेखन सुरू न होणे किंवा सुरू झालेले मध्येच अडून राहणे. मराठी बोलण्यात ‘रायटर्स ब्लॉक’ हाच शब्द रुळला आहे. लेखनावरोध ही परिभाषेतली तडजोड. वऱ्हाडातला माणूस ‘सुचून नाही राह्यलं’ असे म्हणतो. या रूपात न सुचणे हीच एक चालू क्रिया ठरते आणि अवस्थेचे वर्णन अधिक नेमके होते. परिपूर्णतेचा हव्यास हे अवरोधाचे एकमेव कारण नव्हे. परंतु कथा-कादंबरीच्या बाबतीत तेच वारंवार दिसते, म्हणून दोहोंचा विचार येथे एकत्र केला आहे. विदर्भाचा ग्रामीण भाग, म्हणजे पश्चिमेकडचे वऱ्हाड आणि पूर्वेकडची झाडीपट्टी, येथील कथालेखनापुरती ही नोंद मर्यादित आहे.

संज्ञा व उपपत्ती : ‘रायटर्स ब्लॉक’ ही संज्ञा एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकाने १९४७ च्या सुमारास रूढ केली असे सामान्यतः मानतात. अवस्था अर्थातच जुनी आहे. कोलरिज या इंग्रज कवीने १८०४ मध्ये आपल्या टिपणवहीत, सबंध वर्ष सरले आणि महिन्याभराचेही फळ हाती नाही, अशी खंत नोंदवलेली आढळते. बर्गलर फ्रॉइडच्या परंपरेतला. अडलेला लेखक अजाणता स्वतःलाच उपाशी ठेवत असतो आणि त्याचे मूळ शैशवात आईकडून वंचित राहिल्याच्या भावनेत असते, अशी त्याची मांडणी होती. संज्ञा टिकली, उपपत्ती फारशी टिकली नाही. पुढे वर्तनवाद्यांनीही हा प्रश्न हाती घेतला. १९७४ मध्ये डेनिस अपर या मानसशास्त्रज्ञाने लेखनावरोधावर स्वतःच केलेल्या व फसलेल्या उपचाराचा वृत्तांत एका संशोधनपत्रिकेत छापला. शीर्षकाखाली मजकुराची जागा पूर्ण कोरी आहे. या विषयावरचा तो सर्वांत आटोपशीर निबंध म्हणता येईल.

प्रस्तुत विषयाला अधिक उपयोगी पडते ती माइक रोझ या अमेरिकी अभ्यासकाची मांडणी. लॉस अँजेलिस येथील विद्यापीठातल्या दहा विद्यार्थ्यांचा, पाच अडणारे आणि पाच न अडणारे, त्याने केलेला अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांत बुद्धीचा किंवा भाषाज्ञानाचा फरक त्याला ठळकपणे दिसला नाही. फरक होता तो नियमांच्या ताठरपणाचा. अडणाऱ्यांपैकी एकीचा नियम असा, की प्रत्येक वाक्य पहिल्याच झटक्याला व्याकरणशुद्ध उतरले पाहिजे. दुसरी दिवसचे दिवस आराखडे काढी आणि प्रत्यक्ष लिहायला तिच्याजवळ काही तासच उरत. न अडणाऱ्यांचेही नियम होते, पण ते गरजेप्रमाणे वाकत. आजाराचे मूळ बालपणात शोधण्यापेक्षा लेखकाच्या डोक्यातले नियम कागदावर मांडून पाहणे सोयीचे आहे. विदर्भातल्या लेखकाच्या बाबतीत तर हे नियम कुठून आले तेही बऱ्यापैकी सांगता येते.

परिपूर्णतेच्या हव्यासाचे ह्यूइट आणि फ्लेट यांनी १९९१ मध्ये तीन प्रकार केले : स्वतःकडून निर्दोषपणाची अपेक्षा, इतरांकडून अपेक्षा आणि इतर आपल्याकडून तशी अपेक्षा ठेवतात असा समज. ग्रामीण लेखकाला तिसरा प्रकार विशेष जाचतो. ते ‘इतर’ बहुतेकदा दोन ठिकाणी राहतात : एक पुण्या-मुंबईत, दुसरे त्याच्याच गल्लीत.

भाषेचा अडसर : मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक चौदा नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडून ते अठरा झाले. ऱ्हस्वदीर्घ आणि अनुस्वार यांपुरते बोलायचे तर हे नियम लेखनाचे आहेत, बोलण्याचे नव्हेत. शाळेत मात्र दोन्ही एकाच लाल शाईने तपासले गेले. ‘डोया’ लिहिणाऱ्या मुलाने चूक केली असे ठरले; वस्तुतः त्याने वऱ्हाडी लिहिली होती. वऱ्हाडीत ‘ळ’ च्या जागी ‘य’ येतो (डोया, काया, सकायी), शब्दारंभीचा ‘वि’ बहुधा ‘इ’ होतो (इचार), ‘मला-तुला’ चे ‘मले-तुले’ होते आणि चालू क्रियेसाठी ‘करून राह्यला’ हे रूप वापरतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांतल्या झाडीबोलीत तोच डोळा ‘डोरा’ होतो. एका शब्दाची अशी तीन रूपे कानात असलेला माणूस कथा लिहायला बसतो, तेव्हा पहिल्या ओळीपासूनच त्याला निवाडा करावा लागतो.

हा निवाडा कसा घडतो ते पाहण्याजोगे आहे. समजा, वहीत पहिली ओळ उतरली : ‘सकायी तो वावरात गेला.’ लेखक थांबतो. ‘सकायी’ खोडून ‘सकाळी’ करतो. मग ‘वावर’ डोळ्यात खुपते, कारण शहरातल्या वाचकाला ते कळेल की नाही ही शंका येते. त्याचे ‘शेत’ होते. ओळ झाली, ‘सकाळी तो शेतात गेला.’ शुद्ध आहे, आणि कोणाचीही आहे. दुसऱ्या ओळीत आई बोलणार असते : ‘भाकर बांधून ठेवली, घेऊन जाय बाप्पा.’ आता वरच्या ओळीतला माणूस आणि खालच्या ओळीतली माय एका घरातले वाटत नाहीत. लेखक पुन्हा पहिल्या ओळीकडे वळतो. रात्री दहाला सुरू झालेले हे काम बाराला दीड ओळीवर थांबते. या लेखकाला सुचत नाही असे म्हणणे चूक ठरेल. त्याला दोनदा सुचते, आणि दोन्ही सुचणी एकमेकींना खोडतात.

या पेचातून वाट काढणारे लेखक विदर्भातच झाले. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीत निवेदन मुख्यतः प्रमाण मराठीत आणि संवाद वऱ्हाडीत आहेत. ही विभागणी पुढे इतकी रूढ झाली, की नवा लेखक तिला नियमच समजू लागला. संपूर्ण निवेदनही बोलीत करणाऱ्यांनी दुसरी वाट धरली. या दोहोंत श्रेष्ठ कोणती हा वाद समीक्षेत अधूनमधून निघतो. अवरोधाच्या दृष्टीने एवढेच म्हणता येईल, की निर्णय पहिल्या खर्ड्यापूर्वी, म्हणजे कच्च्या लेखनापूर्वी, व्हावा आणि तो त्या खर्ड्यापुरता असावा.

रिद्धपूरचा दाखला : अपूर्ण, फुटक्या, अनेकमुखी पाठासह जगण्याची एक जुनी रीत याच प्रदेशात सापडते. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी (लीळा) गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले. ग्रंथाचा काळ सामान्यतः १२७८ च्या सुमाराचा धरतात. काही अभ्यासक तो १२८० च्या दशकात पुढे ढकलतात.  ज्यांनी लीळा पाहिल्या त्यांच्याकडे जाऊन त्या विचारायच्या, लिहून घ्यायच्या आणि चक्रधरांनंतरचे पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्याकडून पडताळून घ्यायच्या, अशी म्हाइंभटांची पद्धत परंपरा सांगते. म्हणजे गोळा करणे वेगळे आणि तपासणे वेगळे. दोन्ही कामे एका बैठकीत एकाच हाताने होत नव्हती.

पुढे यादवसत्तेच्या अखेरच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. शिष्यांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली. त्यांत हिराइसा यांचा पाठ प्रसिद्ध आहे. आठवणी अर्थातच जुळेनात. तेव्हा संपादन करणाऱ्यांनी एकच पाठ खरा ठरवून बाकीचे पुसले नाहीत. वेगळी आठवण ‘वासना’ या संज्ञेखाली तिथेच, मजकुरात नोंदवून ठेवली. वि. भि. कोलते यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीत हे पाठभेद वाचता येतात. लीळाचरित्र ही काही कथा-कादंबरी नव्हे आणि श्रद्धेचा ग्रंथ कथालेखकांपुढे कित्ता म्हणून ठेवणे काहींना रुचणार नाही. तरी एक वाक्य दोन तऱ्हांनी सुचले तर दोन्ही ठेवून पुढे जाता येते, ही युक्ती मराठी गद्याच्या पहिल्या मोठ्या ग्रंथातच आहे, हे नमूद केले पाहिजे.

याच परंपरेत भाषेच्या शुद्धतेबाबतही एक प्रसंग येतो. पंथातले पंडित केशिराजबास संस्कृतात रचना करू पाहत होते. त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, म्हणजे त्यांना काही कळणार नाही, असे म्हणून नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले. आज रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ आहे. तिथल्या वाचकाने ‘वावर’ शब्दासाठी तळटीप मागू नये, अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

उपाय : जुन्या कारकुनीत ‘खर्डा’ हा शब्द होता. आधी खर्डा, मग पक्की प्रत; खर्ड्यातली खाडाखोड कोणी चूक मानत नसे. छापलेली पुस्तकेच डोळ्यांसमोर असणाऱ्या लेखकाच्या मनातून ही मधली पायरी गळाली आहे. ती परत आणण्याचे साधे साधन म्हणजे वाईट कागद. कोरी, जाड पुठ्ठ्याची, शंभर पानी वही लेखकाला दबकवते; कापसाच्या जुन्या पावत्यांच्या कोऱ्या बाजूला कोणी दबकत नाही. खर्ड्यात अडलेल्या शब्दाभोवती गोल करून पुढे सरकावे. तिफन, म्हणजे पेरणीचे अवजार, चालवणारा एका सरत्यात (दाणे सोडायच्या नळीत) दाणे अडकले म्हणून अख्खे वावर पडीक टाकत नाही. तास पुरे करतो आणि राहिलेल्या जागी नंतर दाणे टोबतो.

न थांबता, न खोडता ठरावीक मिनिटे लिहीत राहण्याची रीत डोरोथिया ब्रँड (१९३४) आणि पीटर एल्बो (१९७३) यांच्या पुस्तकांमुळे सर्वदूर पोहोचली. रॉबर्ट बॉइस याने १९८३ मध्ये अडलेल्या प्राध्यापकांवर प्रयोग केला. वेळापत्रक बांधून लिहायला लावलेल्यांची पाने तर वाढलीच, शिवाय सुचेल तेव्हा लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांना नव्या कल्पनाही अधिक सुचल्या. प्राध्यापकांचे निष्कर्ष कथाकाराला जसेच्या तसे लावता येत नाहीत. शिवाय रोज सकाळी अर्धा तास हा सल्ला जूनमध्ये पेरणीच्या घाईत आणि दिवाळीनंतर वेचणीत शेतकऱ्याला पाळता येत नाही. त्याचे वेळापत्रक वेगळ्या वस्तूंवर बांधावे लागते. हरभऱ्याच्या ओलिताला रात्रीची लाइन असली की मोटार सुरू करायची आणि दांडातले पाणी शेवटच्या सरीला पोहोचेपर्यंत टॉर्चच्या उजेडात लिहायचे. पाणी पोहोचले की वही बंद, वाक्य अर्धे असले तरी. अर्ध्या वाक्यावर थांबण्याचा लाभ असा, की दुसऱ्या रात्री सुरुवात शोधावी लागत नाही.

बोलून लिहिणे हा बोलीभाषकाला विशेष मानवणारा उपाय आहे. पारावर किंवा ओट्यावर तीच गोष्ट सांगताना हा लेखक कधी अडत नाही. हातात पेन आले की अडतो. मोबाइलवर स्वतःचे सांगणे ध्वनिमुद्रित करावे, दुसऱ्या दिवशी ऐकून उतरवून काढावे. उतरवताना ‘अन् मंग’ शंभर वेळा येते. ते खर्ड्यात येऊ द्यावे, काढायला वेळ असतो. ऐकणारा समोर असेल तर आणखी बरे, कारण तो कुठे तंबाखू मळायला लागला हे दिसते, आणि कथेत कापायची जागा बहुधा तीच असते.

गल्लीतल्या वाचकाची भीती वेगळी. दोन-तीनशे उंबऱ्यांच्या गावात तिरळ्या डोळ्याचा, जुनी राजदूत चालवणारा माणूस एकच असतो आणि तो दिवाळी अंक वाचत नसला तरी त्याचा भाचा वाचतो. नुसते नाव बदलून भागत नाही. अनुभवी लेखक धंदा बदलतात, वावर नाल्याच्या दुसऱ्या अंगाला नेतात, दोन माणसांचा एक करतात. हे सर्वही खर्डा झाल्यावर. आधी केल्यास माणूस कागदावर उभाच राहत नाही. या भीतीने थांबलेली लेखने भाषेच्या भीतीने थांबलेल्यांपेक्षा संख्येने कमी नसावीत, परंतु लेखक त्याविषयी बोलत नाहीत. ‘सध्या वाचन चालू आहे’ असे सांगतात.

मुदतीचा परिणाम : १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेली दिवाळी अंकाची प्रथा मराठी कथेचे वर्ष ठरवते. संपादकाला कथा साधारण पोळ्याच्या आगेमागे हवी असते. तेव्हा डवरणी-निंदण आटोपत आलेले असते आणि कापूस फुटायला अवकाश असतो; शेतकरी लेखकाला ही फट नेमकी सापडते. मुदत हव्यासाला आवर घालते हे खरे, मात्र हव्यास फार असला तर मुदतच हुकते आणि कथा ‘पुढच्या वर्षी’ वर जाते. पाच-सहा पोळे पाहिलेल्या कथा विदर्भातल्या लोखंडी पेट्यांत आहेत.

झाडीपट्टी रंगभूमीवर चित्र निराळे. वडसा (देसाईगंज) हे तिचे केंद्र. धानाची कापणी झाली की दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागतो आणि रात्रभर प्रयोग चालतात. येथे लेखकाला कंपनीची तारीख, गावाची मागणी आणि ठरलेला नटसंच आधी मिळतो, संहिता मागून. तालमीत नट संवाद आपल्या तोंडाला बसेल तसा वळवतात, प्रयोगागणिक त्यात भर पडते, आणि लिहिलेले पान हे कोणाच्याच लेखी अखेरचे नसते. त्यामुळे पहिले वाक्य निर्दोष उतरवण्याची सक्ती तिथल्या लेखकावर येत नाही; त्याच्यापुढचा प्रश्न, दुसऱ्या अंकातल्या खलनायकाला लावणीआधी मारायचे की नंतर, एवढाच असतो.